उसाचा फड तुटल्यावर : रणगाड्यांचे दिवस खरंच संपले का?

प्रश्न विचारणारा मुलगा खटाव तालुक्यातला आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, लष्करात अधिकारी होण्यासाठीच्या सीडीएस परीक्षेची तयारी करतोय आणि त्याला आर्मर्ड कोअरमध्ये, म्हणजे रणगाडा दलात जायचंय. त्याचा मामा म्हणतो, "युक्रेनमध्ये काय चाललंय बघतोस ना? काही शे डॉलरचा ड्रोन येतो आणि कोट्यवधींचा टँक जाळून टाकतो. लोखंडाच्या पेटीत बसून मरायला कशाला जातोस?" त्यावर मुलाने विचारलंय, की येत्या वीस-पंचवीस वर्षांत जड रणगाड्यांना लढाईत काही काम उरणार आहे का, आणि आपल्या देशाने त्यांच्यावर पैसा घालावा का.

तू माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा दिसतोस, म्हणून अरेतुरे करतो. मी वाळवा तालुक्यातला. सवार म्हणजे साधा जवान म्हणून भरती झालो, गनर म्हणजे टँकची तोफ चालवणारा झालो, मग टँक कमांडर. मधली काही वर्षं नगरला आर्मर्ड कोअरच्या स्कूलमध्ये गनरीचा उस्ताद होतो. २८ वर्षांनी रिसालदार म्हणून घरी आलो. बहुतेक सगळी नोकरी टी-७२ या रशियन बनावटीच्या टँकवर झाली. टँकसमोर टँक अशी लढाई मात्र मी लढलेलो नाही. १९७१ नंतर आपल्याकडे ती झालीच नाही. ऑपरेशन पराक्रमच्या वेळी, डिसेंबर २००१ पासून पुढे कित्येक महिने, तोफेत गोळा चढवायच्या तयारीनिशी आम्ही सीमेवर बसून होतो, पण हुकूम आला नाही. त्यामुळे खाली जे लिहितोय ते टँक सांभाळणाऱ्या, चालवणाऱ्या आणि लपवणाऱ्या माणसाचं मत आहे.

तुझा मामा विचारतोय, "टँक मरतो का?" मरतो. पहिल्या दिवसापासून मरत आलाय. सप्टेंबर १९१६ मध्ये इंग्रजांनी सोमच्या लढाईत पहिले टँक काढले, तेव्हा त्यातले बरेच तर शत्रूपर्यंत पोचायच्या आधीच बंद पडले होते. आमच्या रिसाल्यात कुणालाही टँक अमर आहे असं शिकवलेलं नाही. खरा प्रश्न असा आहे, की उघड्या रानात समोरून मशीनगन आणि तोफा चालू असताना ते रान ओलांडून पलीकडची जागा घ्यायचीय. ते काम टँकने नाही केलं तर कोण करणार? यावर तुझ्या मामाकडे दुसरं उत्तर असेल तर टँक संपला. माझ्याकडे तरी अजून नाही.

स्वस्त हत्याराने महाग टँक मारणं हेही नवं नाही. आपल्या माणसांना यासाठी १९६५ ची असल उत्तरची लढाई नीट सांगायला हवी. पंजाबातलं खेमकरणजवळचं रान. पाकिस्तानचं पहिलं आर्मर्ड डिव्हिजन त्या वेळचे नवेकोरे अमेरिकन पॅटन टँक घेऊन आलं. आपल्याकडे थोडे सेंच्युरियन आणि दुसऱ्या महायुद्धातले शर्मन. कागदावर ती लढाई आपण हरायची होती. पण आपल्या लोकांनी कालव्याचं पाणी रानात सोडलं आणि टँक उभ्या उसात लपवून घोड्याच्या नालेच्या आकारात मांडले. सप्टेंबर महिना. त्या दिवसांत ऊस किती उंच असतो हे तुला मी सांगायला नको. पॅटन चिखलात सापडले, त्यांचा वेग गेला, आणि उसातून बाजूने गोळे आले. ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने टँक फोडत राहिले आणि १० सप्टेंबरला तिथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. आपल्या नोंदीप्रमाणे पाकिस्तानने त्या लढाईत ९७ टँक गमावले. एक जीप आणि एक तोफ, त्यांची किंमत एका पॅटनपुढे काहीच नव्हती. म्हणून कुणी १९६५ नंतर टँक मोडीत काढले का? सहा वर्षांनी, १९७१ च्या युद्धात, बसंतर नदीच्या लढाईत सुरुंगांच्या पट्ट्यातून वाट काढत पूना हॉर्स या रेजिमेंटचे सेंच्युरियनच पुढे गेले, आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल तिथे लढले.

मी स्वतः पंजाबात सरावाच्या वेळी ओल्या रानात टी-७२ पोटापर्यंत रुतलेला पाहिलाय. ४० टनांच्या वर वजन, पण पट्टे रुंद असल्याने जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला किलोभरापेक्षाही कमी दाब येतो. म्हणून तो साधारण शेतातून आरामात जातो, आणि ड्रायव्हरला वाटतं आपण कुठूनही जाऊ. एकदा पोट टेकलं की मग खेळ संपतो. आम्ही रात्रभर दोर लावून रिकव्हरीच्या गाडीने ओढत होतो. गेल्या जानेवारीत भावाचा ट्रॅक्टर उसाच्या दोन ट्रॉल्यांसकट काळ्या रानात बसला, तेव्हा मला तीच रात्र आठवली. फरक एवढाच, की भावाच्या ट्रॅक्टरवर वरून कुणी नजर ठेवून नव्हतं.

आणि इथेच तुझ्या मामाचं म्हणणं निम्मं खरं ठरतं. काय बदललंय, ते सांगतो.

१९७३ च्या युद्धातही "टँक संपला" असं जगभर म्हटलं गेलं होतं. इजिप्तच्या पायदळाने सॅगर नावाच्या रशियन क्षेपणास्त्रांनी सिनाईत इस्रायलचे टँक पहिल्या दोन-तीन दिवसांत भराभर फोडले. इस्रायली टँक पायदळ आणि तोफखाना मागे सोडून एकटेच धावले होते. पण सॅगर सोडणारा माणूस तिथेच जवळपास मातीत पडलेला असायचा. क्षेपणास्त्र लक्ष्यावर पोचेपर्यंत त्याला कांडी हातात धरून ते चालवावं लागायचं. त्याच्या आजूबाजूला उखळी तोफांचा मारा केला, मशीनगन चालवली, की त्याचा हात हलायचा आणि नेम जायचा. इस्रायलने पायदळ आणि तोफखाना पुन्हा टँकच्या जोडीला आणला आणि टँक परत कामाला लागले.

आजच्या एफपीव्ही ड्रोनचं, म्हणजे ड्रोनवरच्या कॅमेऱ्यातून बघत उडवायच्या ड्रोनचं, तसं नाही. डोळ्यावर चष्मा लावून तो उडवणारा पोरगा कित्येक किलोमीटर मागे तळघरात बसलेला असतो. त्याच्यावर मशीनगन चालवून उपयोग नाही. रेडिओ जॅम करावा, तर २०२४ पासून बारीक फायबरच्या तारेवर चालणारे ड्रोन आलेत, त्यांना जॅमर लागूच पडत नाही. शिवाय टँकचं सगळं जाड चिलखत समोर असतं. छपराला आणि इंजिनच्या वरच्या बाजूला ते फार पातळ असतं, कारण वरून मार येईल या हिशेबाने ते बनवलेलंच नव्हतं. बरेचदा पहिला ड्रोन टँक फोडत नाही. तो ट्रॅक (चाकांवरचा लोखंडी पट्टा) किंवा इंजिन निकामी करतो, आणि मग उभ्या राहिलेल्या टँकवर दुसरा येतो, तिसरा येतो.

तरी माझ्या मते ड्रोनने केलेला सर्वात मोठा बदल त्याच्या स्फोटात नाही, त्याच्या डोळ्यात आहे.

तू आपल्या भागातला आहेस, म्हणून आपल्या भागातलंच सांगतो. कराड, शिराळा, वाळवा या पट्ट्यात उसात बिबट्या राहतो. वर्षातले कित्येक महिने तो आपल्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर असतो आणि कुणाला दिसत नाही. त्याची खरी ताकद पंजापेक्षा त्या न दिसण्यात आहे. मग तोड सुरू होते. फडाची एकेक सरी मोकळी होत जाते, तसा तो मागे सरकतो, आणि शेवटच्या पट्ट्यात अडकला की दिवसाढवळ्या उघडा पडतो. पंजा तोच, दात तेच, पण आता त्याला कुणीही घेरू शकतं.

आम्हीही असेच होतो. सगळ्या नोकरीत गोळीबाराच्या खालोखाल कसली शिकवण मिळाली असेल तर लपण्याची. उजाडायच्या आत जाळी टाकायची, मागे झाडाच्या फांद्या ओढत ट्रॅकच्या खुणा पुसायच्या, काचेवर ऊन चमकू द्यायचं नाही, टेकाडाच्या मागे फक्त टरेट, म्हणजे तोफेचा फिरता घुमट, वर काढून उभं राहायचं. रात्र आपलीच असायची. आता वर दिवसरात्र कॅमेरा फिरतो. इंजिन बंद करून बराच वेळ झाला तरी पत्र्याची उष्णता थर्मल कॅमेऱ्यात उजळ दिसते. सगळ्यांच्याच रानातला ऊस एकाच वेळी तुटलाय, आणि परत तो तसा उभा राहील असं मला वाटत नाही.

याचा परिणाम थेट आमच्या रचनेवर होतो. एका स्क्वाड्रनचे १४ टँक, एका रेजिमेंटचे ४५. हे सगळे एका ठिकाणी गोळा करून पहाटे एकदम धडक द्यायची, हे आमचं जुनं बळ. आज ४५ टँक एका रानात जमवले, तर पहाट व्हायच्या आत शत्रूला त्यांची मोजदाद झालेली असेल. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये कीवच्या उत्तरेला रशियाचा लांबच लांब ताफा रस्त्यावर अडकला, त्याची छायाचित्रं सगळ्या जगाने पाहिली. तिथे ड्रोनपेक्षा मोठी चूक डिझेलची, रस्ता न सोडण्याची आणि पायदळ सोबत नसण्याची होती. टी-७२ रस्त्यावरसुद्धा किलोमीटरला अडीच लिटरच्या आसपास डिझेल खातो, वाळूत त्याहून कितीतरी जास्त. डिझेलचा टँकर मागे राहिला की पुढचा टँक निव्वळ लोखंड होतो.

राजस्थानातली लोंगेवालाची लढाईही तेच सांगते. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी टँक आपल्या एका कंपनीच्या चौकीवर चालून आले. रात्रभर पंजाब रेजिमेंटच्या जवानांनी त्यांना अडवलं. उजाडताच जैसलमेरहून आपली हंटर विमानं आली आणि वाळूत अडखळलेले टँक एकेक करून फोडले. वरचं आकाश आपलं नसेल तर खाली टँक काढू नये, हा धडा तेव्हापासून सगळ्यांना पाठ आहे. आज आकाश म्हणजे फक्त विमानाची उंची नाही. झाडाच्या शेंड्यापासूनच आकाश सुरू होतं.

इथवरचा सारांश काढायचा तर, टँकचं काम संपलेलं नाही, त्याची लपण्याची जागा संपलीय. म्हणून काम तेच, पण करण्याची रीत बदलावी लागेल.

युक्रेनमध्ये दोन्ही बाजूंनी हजारो टँक गमावले, तरी टँकची मागणी थांबली नाही. रशियाने गोदामातले टी-५४ आणि टी-५५ सुद्धा बाहेर काढले, म्हणजे माझ्याही जन्माआधीची गाडी. निरुपयोगी वस्तूसाठी कुणी एवढी खटपट करत नाही. अमेरिकेने दिलेले ३१ अब्राम्स टँक युक्रेनला २०२४ च्या एप्रिलमध्ये ड्रोनच्या भीतीने पुढून मागे घ्यावे लागले, हेही खरं. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युक्रेनने रशियाच्या कुर्स्क भागात अचानक मुसंडी मारली, तेव्हा पुढे चिलखती गाड्याच होत्या, हेही खरं. तिथे आधी शत्रूचे ड्रोन आणि रेडिओ आंधळे केले, मग गाड्या सुटल्या. मला त्यात पुढच्या काळाचं चित्र दिसतं. टँक पहिला जाणार नाही. आधी ड्रोन, जॅमर, तोफखाना मिळून शत्रूचे डोळे काही तासांपुरते फोडतील. त्या तासांत टँक विखुरलेल्या जागांवरून निघतील, एका ठिकाणी वार करतील आणि पुन्हा पांगतील. जो रेजिमेंट हे घड्याळ्याच्या काट्यावर करू शकेल त्याचे टँक जगतील.

ड्रोनलाही मर्यादा आहेत. आमच्याकडे आता उसावर फवारणी ड्रोनने होते. मी बांधावर बसून पाहतो. पाच-दहा मिनिटांत बॅटरी बदला, वारा सुटला की थांबा, पाऊस आला की गुंडाळा. लढाईतले ड्रोन याहून चांगले, पण हवामानापुढे त्यांनाही मान तुकवावी लागते. डिसेंबर-जानेवारीत पंजाबात जे धुकं पडतं, त्यात हातभर अंतरावरचं दिसत नाही. अशा धुक्यात मी टँकच्या पुढे टॉर्च घेऊन चालत ड्रायव्हरला वाट दाखवलीय. आणि ड्रोनला पाडणारी हत्यारंही परत येतायत. मे २०२५ च्या ऑपरेशन सिंदूरमध्ये पाकिस्तानी ड्रोनवर आपल्या जुन्या एल-७० आणि शिल्का या विमानविरोधी तोफा चालल्या. शिल्का तर टँकच्या ताफ्यासोबत धावण्यासाठीच बनवलेली गाडी. मधल्या काळात अनेकांना ती म्हातारी वाटत होती. इस्रायलची ट्रॉफी ही प्रणाली येणारं क्षेपणास्त्र टँकवर आदळायच्या आधी हवेतच फोडते. २०११ पासून ती प्रत्यक्ष लढाईत काम करतेय. वरून येणाऱ्या ड्रोनसाठी अशी प्रणाली आपल्या टँकवर कधी आणि किती लवकर बसते, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

आता आपल्या देशाने काय करावं. इथे "जागा कोणती" हे विचारल्याशिवाय उत्तर देताच येत नाही. अमेरिकेच्या मरीन कोअरने २०२० पासून आपले टँक काढून टाकले, कारण त्यांना समुद्रातल्या बेटांवर लढायचंय. २०२२ मध्ये पोलंडने २५० अब्राम्स आणि १८० कोरियन के-२ मागवले, कारण त्यांच्यासमोर सपाट मैदान आणि पलीकडे रशिया आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. आपल्याकडे राजस्थानची वाळू आहे, पंजाबातले कालवे आणि बांध आहेत, जम्मूच्या बाजूचे नाले आहेत आणि लडाख आहे. एकच टँक चारी ठिकाणी चालवायचा हट्ट चुकीचा ठरेल.

वजनाचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. टी-९० सुमारे ४६ टनांचा. आपल्या देशी अर्जुन टँकचं नवं रूप ६८ टनांचं. अर्जुनची तोफ आणि आतली जागा मला आवडते. चार माणसांना श्वास घेता येतो. पण ६८ टन पेलणारे पूल, रेल्वेचे डबे, ट्रेलर, रिकव्हरीची गाडी हे सगळं त्याच्यासोबत लागतं. सीमेवरच्या प्रत्येक कालव्यावर तो पूल मिळेलच असं नाही. वाळवंटात ते वजन चालून जाईल, पंजाबात विचार करावा लागेल.

लडाखबद्दल लोक म्हणतात, तिथे टँकचं काय काम? १ नोव्हेंबर १९४८ ला जनरल थिमय्यांनी सेव्हन्थ कॅव्हलरीचे स्टुअर्ट टँक साडेअकरा हजार फुटांच्या आसपास जोजी ला खिंडीत चढवले. तिथे टँक येईल हे शत्रूच्या स्वप्नातही नव्हतं. १९६२ मध्ये एएमएक्स टँक विमानाने चुशूलला उतरवले होते. आणि २९-३० ऑगस्ट २०२० नंतर कैलास रांगेवर, १५ हजार फुटांच्याही वर, आपले टँक जाऊन उभे राहिले. त्यांच्या तोफेतून एकही गोळा सुटला नाही. पण खाली चिनी तळावर नळ्या रोखलेल्या होत्या आणि पुढच्या फेब्रुवारीत दोन्ही बाजू मागे सरल्या. ड्रोन येतो, फुटतो किंवा परत जातो. एखाद्या जागेवर पाय रोवून "मी इथे आहे" असं तो म्हणू शकत नाही. हे काम माणसाचं आणि त्याला सांभाळणाऱ्या लोखंडाचं आहे. त्या उंचीसाठीच २५ टनांचा झोरावर हा हलका टँक तयार होतोय, आणि ते माझ्या मते योग्य दिशेने टाकलेलं पाऊल आहे. मैदानासाठी मात्र जड टँक लागणारच.

पैसा घालायचा तर मी आधी नवे टँक घेण्यावर घालणार नाही. प्रत्येक ट्रूपमागे (स्क्वाड्रनमधल्या छोट्या गटामागे) ड्रोनची एक तुकडी, प्रत्येक स्क्वाड्रनमागे ड्रोन पाडणारी तोफ, आणि दुप्पट रिकव्हरीच्या गाड्या, एवढं आधी. जखमी टँक पंधरा मिनिटांत ओढून नेता आला तर दुसऱ्या ड्रोनला मारायला काही उरत नाही. चौथी गोष्ट दारूगोळ्याची. टी-७२ मध्ये गनर आणि कमांडरच्या पायाखाली फिरत्या चकतीत २२ गोळे आणि त्यांचे चार्ज असतात, आणि बाकीचे आतच इकडेतिकडे ठेवलेले. त्यांना आग लागली की टरेट उडतो. त्याची चित्रं तू पाहिली असशील. मी उस्ताद असताना मुलांना हे लपवून ठेवलं नाही. चकतीबाहेरचे गोळे कमी नेले तर धोका पुष्कळ कमी होतो, पण मग दारूगोळा वेळेवर पुढे पोचवणारी साखळी पक्की हवी. पुढच्या टँकमध्ये तो माणसांपासून वेगळ्या कप्प्यात असायलाच हवा. या एका गोष्टीवर मी तडजोड मान्य करणार नाही.

शेवटी तुझ्या मामाच्या "लोखंडी पेटी"बद्दल. त्यांची काळजी मला कळते. माझ्या आईनेही तीच केली होती. त्यांना एवढंच विचार, की ज्या रानात ड्रोन टँकला शोधतो, त्याच रानात पायदळाचा जवान अंगावर फक्त कापड आणि एक जाकीट घालून चालतो. त्याच्याकडे येणारे मशीनगनचे बर्स्ट आणि तोफेच्या गोळ्याच्या चिपा अडवायला पुढे कोण असतं? आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पायदळात गेलेली कितीतरी घरं आहेत, त्यांना विचार.

तू डेहराडूनला मिलिटरी अकॅडमीत गेलास आणि आर्म, म्हणजे सैन्यातली शाखा, निवडायची वेळ आली, तर त्याआधी एकदा नगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम बघून ये. तिथे उभ्या असलेल्या पॅटनभोवती एक चक्कर मार आणि समोरून, बाजूने, वरून चिलखताचा फरक डोळ्यांनी पाहा. आणि रेजिमेंटमध्ये दाखल झालास, तर पहिल्या आठवड्यात सरावात ट्रॅक निसटेल, तेव्हा बाजूला उभं राहून बघू नकोस. घण स्वतः हातात घे आणि पिन बसेपर्यंत सवारांबरोबर चिखलात राहा. ते काही बोलणार नाहीत, पण कोणाच्या हुकमावर उघड्या रानात निघायचं ते त्याच दिवशी ठरवतात.